देव्हाऱ्यातली अंबाबाई आणि बसऱ्याचे पणजोबा

गेल्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं, तुमच्या घरातलं कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होतं का, आणि त्यांच्याबद्दल घरात काय सांगितलं जातं? पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं सातारा, कोल्हापूर, पुणे, रायगड, रत्नागिरी या जिल्ह्यांतली, आणि निम्म्याहून जास्त बायकांची. जुन्या ट्रंकेची किल्ली घरातल्या बाईकडेच असते, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. ज्या प्रश्नांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील, ते घेतले आहेत.

ताई, आमच्या देव्हाऱ्यात बशीएवढी एक पितळी चकती आहे. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई उभी आहे आणि पुढ्यात सिंह. माझ्या सासऱ्यांच्या आजीने ती तिथे ठेवली आणि अंबाबाई म्हणून पुजली. नवरात्रात आम्ही आजही तिला माळ घालतो. यंदा मुलगा म्हणाला, "आई, कडेला इंग्रजी अक्षरं आहेत." घरात एवढंच माहीत आहे, की सासऱ्यांचे आजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले ते आलेच नाहीत. ही चकती कसली? देव्हाऱ्यात ठेवलेली चालते का? आणि ते कुठे गेले हे आता कळेल का?
— एक सून, पाटण तालुका

ताई, पहिल्यांदा मधल्या प्रश्नाचं उत्तर देते. ती आहे तिथेच असू द्या. शंभर वर्षं ती त्या घराने सांभाळली आहे, तिची जागा तीच.

आता ती काय आहे ते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने १९१९ पासून अशी एक चकती पाठवली. ती पितळेची दिसते, पण कांस्याची असते. व्यास साधारण १२ सेंटिमीटर. अशा तेरा लाखांहून जास्त चकत्या ओतल्या गेल्या. त्यावरची बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं मूर्त रूप. तिच्या हातात खरोखरच त्रिशूळ असतो, पुढे सिंह असतो, आजूबाजूला दोन डॉल्फिन मासे असतात आणि अगदी खाली दुसरा छोटा सिंह गरुडाला फाडताना दिसतो. तो गरुड म्हणजे जर्मनी. कडेच्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ, 'तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला.' ज्याच्या स्वतःच्या मुलखाला स्वातंत्र्य नव्हतं त्या माणसाच्या नावाभोवती हे शब्द आहेत. अशी चकती हातात घेतली की मला ते दर वेळी टोचतं.

सासऱ्यांच्या आजींना इंग्रजी वाचता येत नसणार. नवरा गेल्यावर सरकारकडून एक जड पाकीट आलं, उघडलं तर आत त्रिशूळधारी बाई आणि सिंह. पाटणच्या डोंगरातल्या बाईला त्यात अंबाबाई दिसली, यात काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर मलाही तीच दिसली असती. मुलाला खरं काय ते जरूर सांगा, पण 'आजी अडाणी होती' अशा सुरात सांगू नका.

आता नाव. ब्रिटानियाने एका हाताने पानांचं कडं ज्या चौकटीवर धरलं आहे, त्या आयताकृती चौकटीत उठावाची अक्षरं असतात. तेच पणजोबांचं नाव. मात्र या चकतीवर हुद्दा नसतो, पलटण नसते, नंबरही नसतो. सगळ्यांना मरणात सारखं मानावं म्हणून तसं ठरवलं होतं. शोध घ्यायला मात्र पलटण आणि नंबर लागतो, आणि ते दोन्ही सापडतात बिल्ल्यावर. म्हणून घरात बिल्ला शोधा. त्या काळच्या शिपायांना सहसा दोन बिल्ले मिळाले. एक चांदीचा, राजाचं डोकं असलेला. दुसरा पिवळा, पंखवाल्या बाईचा, इंद्रधनुष्यासारख्या फितीचा. चांदीचा बिल्ला पुष्कळ घरांतून सोनाराकडे गेला. दुष्काळात त्याची जोडवी झाली, बाळलेणी झाली. पिवळ्याला मोल नव्हतं म्हणून तो राहिला. तो मुलांच्या खेळण्यांत, खिळे-मोळ्यांच्या डब्यात, नाहीतर टाकांच्या शेजारी सापडेल. त्याच्या जाडीवर, म्हणजे कडेला, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते.

इथे सगळ्याच वाचकांना हात जोडून विनंती आहे, की दसऱ्याला बिल्ले चिंचेने, राखेने किंवा पावडरीने घासू नका. तोंडाकडची बाजू चकाकते आणि कडेचा नंबर दरवर्षी थोडा थोडा झिजतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, हळदकुंकू वाहा, तेवढं पुरे. अक्षरं झिजली असतील तर अंधारात विजेरी आडवी धरून बघा, किंवा पातळ कागद कडेवर दाबून पेन्सिल हलकेच घासा. पुसट झालेले आकडे पुष्कळदा असे उठतात.

बसऱ्याची लढाई म्हणजे मेसोपोटेमियातली, आजच्या इराकमधली. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन १९१४च्या अखेरीस तिकडे उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने चढाई फसल्यावर ही फौज तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तुर्कांचा वेढा चालला. धान्य संपत गेलं, घोडी कापली गेली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस खायला आधी ठाम नकार दिला आणि ते उपाशी राहिले. शेवटी सुमारे १३,००० जण शरण गेले. त्यांना वाळवंटातून चालवत तुर्कस्तानकडे नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत आणि छावण्यांत फार माणसं मेली. तुमचे पणजोबा याच फौजेत होते की नंतर गेलेल्या एखाद्या पलटणीत, हे बिल्ल्यावरचा आकडा सांगेल.

शोध घ्यायचा तो युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची यादी तिथे फुकट पाहता येते. नाव इंग्रजीत घालताना स्पेलिंग बदलून बदलून बघा. लिहून घेणाऱ्या साहेबाच्या कानाला 'शिंदे' कसं ऐकू आलं, कोणी सांगावं? पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं, म्हणून गावाच्या नावानेही शोधा. नुसत्या नंबरावर मात्र विसंबू नका. तेव्हा प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र असत, त्यामुळे एकच नंबर अनेकांचा असू शकतो.

बसऱ्याला स्मारक आहे. ज्यांच्या कबरींचा पत्ता नाही अशा ४०,५०० हून जास्त सैनिकांचं ते आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे धक्का बसायला नको. त्या भिंतीवर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा नुसता पलटणीगणिक आकडा लिहिला. नावं राहिली कागदावरच्या यादीत. या भेदभावाबद्दल कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली. तुमच्या पणजोबांचं नाव धातूत उमटलेलं पाहायचं असेल, तर ते कदाचित फक्त तुमच्या देव्हाऱ्यातच असेल.

जाता जाता गावची जुनी चावडी, शाळा आणि देवळाची भिंतही बघा. या गावातून इतकी माणसं महायुद्धात गेली आणि त्यातली इतकी मेली, अशी संगमरवरी पाटी पुष्कळ गावांत आहे. चुन्याखाली झाकली गेली असेल तर सरपंचांना सांगून मोकळी करून घ्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आल्याचं सांगतात. त्या गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' झालं. तुमच्या गावचा आकडा लहान असेल, म्हणून तो कमी मोलाचा नाही.

आजोबांचे तीन चांदणीसारखे बिल्ले आहेत. मोठे काका म्हणतात ते ब्रह्मदेशात लढले. आत्या म्हणते इटलीत. कोण खरं? फिती फाटल्या आहेत, पण एकीचे रंग लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे दिसतात.
— माणगावचा नातू

आत्या खरं सांगते. हे रंग इटली स्टारचे, इटलीच्या झेंड्यावरून घेतलेले. ब्रह्मदेशाची फीत गडद निळी असते, मधोमध रुंद लाल पट्टा आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ. उरलेल्या दोनपैकी एक चांदणी मातकट-पिवळ्या फितीची, मध्ये लाल आणि दोन बाजूंना दोन छटांचे निळे पट्टे असलेली निघाली, तर ती आफ्रिका स्टार. म्हणजे आजोबा आधी आफ्रिकेत आणि मग इटलीत, असा माग लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण तशीच गेली. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढली, पुढे इटलीत उतरली. मात्र इटलीत पहिली आणि पाचवी पलटणही होती, तेव्हा घाईने ठरवू नका.

चांदणी उलटी करून मागची बाजू बघा. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाचे बिल्ले कोरेच मिळाले. हिंदी सैनिकांच्या बिल्ल्यांवर मात्र नंबर आणि नाव ठोकलेलं असतं. आपल्यासाठी ही मोठीच सोय झाली.

तुम्ही माणगावचे म्हणून सांगते, पळसगावचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचेच. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात सोबतचे जवळजवळ सगळे पडल्यावर ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि ते घेतल्यावर गोळी लागून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. इटलीतलं एक गाव इतक्या वर्षांनी आठवण ठेवतं, तर आपण घरात निदान बिल्ला उलटा करून नाव वाचावं.

आम्ही घराण्याचा कुलवृत्तांत छापतो आहोत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात टोब्रुकला पकडले गेले, १९४५ मध्ये घरी आले. चुलते म्हणतात, "कैदी होते हे छापू नका. महायुद्धात पराक्रम गाजवला एवढं लिहा. पोरांनी काय शरण गेलेल्याचं कौतुक करायचं?" आजोबांनी स्वतः कधी एक अक्षर सांगितलं नाही. मन दोन्हीकडे ओढतंय.
— एक वाचक, करवीर तालुका

दादा, छापा. सगळं छापा. काकांचा मान राखून त्यांना हे पत्र वाचायला द्या.

लिबियाच्या किनाऱ्यावरचं टोब्रुक २१ जून १९४२ रोजी पडलं. सुमारे ३३,००० सैनिक त्या एका ठिकाणी पकडले गेले. ते गोरे, हिंदी, दक्षिण आफ्रिकेचे असे सगळे होते. शरण जाण्याचा हुकूम वरून आला, शिपायाला कोणी विचारलं नाही. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती, 'काली पांचवी' म्हणून ओळखली जाणारी. आदल्या दिवशी पहाटे जर्मन विमानांनी आणि रणगाड्यांनी जो घाव घातला तो नेमका याच पलटणीच्या मोर्चांवर. तुमचे आजोबा त्या पलटणीचे असतील, तर त्या हल्ल्याचा पहिला जड तडाखा त्यांच्या अंगावर आला होता. त्यातून जिवंत राहिलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने कमी लेखायचं?

पुढची तीन वर्षं त्याहून कठीण. लिबियातून जहाजाने इटलीत नेलं. आव्हेत्सानो इथे हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. इटलीने ८ सप्टेंबर १९४३ला युद्ध थांबवल्याचं जाहीर केलं तेव्हा काही जण तारा ओलांडून डोंगरात पळाले. तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन त्यांना लपवलं, भाकरी दिली. बाकीच्यांना जर्मनांनी उत्तरेकडे नेलं. आजोबा यातल्या कोणत्या वाटेने गेले, ते रेकॉर्डवरून कळू शकतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, हुद्दा, नाव, गाव आणि तुमचं नातं लिहून अर्ज करा. सोबत डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत जोडा. कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या. पेन्शनचे कागद असतील तर त्यांवर सगळं असतं. उत्तराला वेळ लागतो, पण मागे लागा.

तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही जाता जाता लिहिलंय ते मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. आजोबा बेपत्ता असल्याचं पत्र आलं तेव्हा भावकीने आजीला कुंकू पुसायला सांगितलं. "मेल्याचं पत्र दाखवा, मग पुसते," असं म्हणून तिने दारालाच कडी लावली. ही आजी एकवीस वर्षांची, अंगावर पोर. कोणत्याही रेकॉर्ड ऑफिसात ही नोंद नाही आणि होणारही नाही. कुलवृत्तांतात आजोबांना अर्धं पान दिलंत तर आजीला एक पान द्या. तिचं नाव माहेरच्या नावासकट छापा. मी वाचलेल्या कुलवृत्तांतांत बायका 'पत्नी' या एका शब्दात संपतात, आणि त्याचा मला खरोखर संताप येतो.

आजी ९१ वर्षांच्या आहेत. त्यांच्या वडिलांची लढाईची गोष्ट त्या दर वेळी वेगळी सांगतात. कधी ते इंफाळला, कधी सिंगापूरला. नेमकं कसं काढून घ्यायचं?
— नात, जुन्नर

काढून घेऊ नका, ऐकून घ्या. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि मध्ये दुरुस्त करू नका. 'आजी, सिंगापूर नाही, इंफाळ' असं एकदा जरी म्हटलंत तरी त्या पुढचं सांगायच्या थांबतील. तारखा आणि गावं कागदावर शोधता येतात. त्यांनी लहान मुलगी म्हणून काय पाहिलं तेवढंच विचारा. वडील रजेवर आले तेव्हा काय घेऊन आले? त्यांचं पत्र कोण वाचून दाखवायचं? मनीऑर्डर कोण घ्यायचं? आल्यावर ते कुठे झोपायचे? ते काय खायचे नाहीत?

असले बारीक प्रश्न का, ते माझ्या घरातलं सांगते. माझे वडील मराठ्यांच्या चौथ्या पलटणीत होते. लढाईचं विचारलं की ते खेचरांबद्दल बोलायचे. कोणतं लाथा मारायचं, कोणतं चिखलात बसून राहायचं. बाकी गप्प. मात्र घरात कोणी पेल्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं, की ते ताडकन उठायचे. ते पाणी तुळशीला, नाहीतर बैलाच्या घमेल्यात, पण मोरीत नाही. आमच्याकडे विहिरीला बारमाही पाणी. आई म्हणायची, स्वभावच चिकट. त्यांच्यामागे मी त्या पलटणीबद्दल वाचत गेले. मार्च १९४४ मध्ये ती मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर होती. २२ ते २६ मार्च जपान्यांनी वेढलेलं. त्या टेकडीवर पाणी नव्हतं. विमानातून टाकलेले डबे बरेचसे शत्रूच्या हद्दीत पडत होते. २६च्या रात्री बाहेर पडायचा हुकूम आला तेव्हा चालू न शकणारे जखमी मागे ठेवावे लागले. युद्धाच्या डायरीत हे आहे. पण आमच्या मोरीपाशी ते का ओरडायचे हे डायरीत नाही, आणि मोरी आठवत नसती तर डायरीतलं ते वाक्य मी वाचून पुढे गेले असते.

तर आजी ज्या क्षुल्लक वाटतील अशा सवयी सांगतील, त्या सगळ्या लिहून ठेवा. आणि इंफाळ-सिंगापूर दोन्ही खरं असू शकतं. युद्ध संपल्यावर पुष्कळ पलटणी तिथून पुढे मलाया आणि जावाकडे गेल्या.

आमचे पणजोबा १९१७ मध्ये महार पलटणीत भरती झाले असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एका सरांनी भर कार्यक्रमात सांगितलं की महार रेजिमेंट १९४१ साली निघाली, त्यामुळे हे शक्यच नाही. वडिलांना फार लागलं.
— एक वाचक, दापोली तालुका

वडिलांना सांगा, घरात सांगतात ते अगदी शक्य आहे. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, हे खरं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत होते आणि तिच्यासाठी त्यांनी जोर लावला होता. पण त्याआधी, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागल्यावर, १९१७ मध्ये '१११वी महार' या नावाची पलटण उभारली गेली होती. त्याच्याही आधी कोकणातल्या महारांच्या कित्येक पिढ्या मुंबई फौजेत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती' नावाचं थोतांड काढून त्यांची भरती बंद केली. लढाई अंगावर आल्यावर सरकारला ते पुन्हा आठवले, आणि लढाई संपल्यावर १९२१ पर्यंत ती पलटण मोडून टाकली. पलटण मोडली म्हणून तिच्यामागे रेजिमेंट उरली नाही, केंद्र नाही, वर्धापनदिन नाही. त्यामुळे हे लोकांच्या कानावर नाही, आणि तिची आठवण राहिली ती तुमच्यासारख्या घरांतच.

घरात बिल्ला, भरतीचा कागद किंवा पेन्शनची चिठ्ठी असेल तर '१११' हा आकडा शोधा. काहीच नसेल तर वडिलांना जे आठवतं ते त्यांच्या शब्दांत लिहून, खाली सही आणि तारीख घालून ठेवा. कोणी सांगितलं, त्यांना कोणी सांगितलं होतं, हेही लिहा. आणि पुढच्या कार्यक्रमाला त्या सरांना हा अंक नेऊन द्या.